खाऱ्या पाण्याच्या टाकीत हिरवं शेवाळ: लावणी, निगा आणि मुख्य म्हणजे कापणी

शेवाळ म्हटलं की आपल्याकडे पावसाळ्यात चिऱ्याच्या पायरीवरून पाय सटकलेला आठवतो, आणि ज्याच्या घरी फिशटँक आहे त्याला दर रविवारी काच घासायची कटकट आठवते. त्यामुळे मी घरात मुद्दाम शेवाळ वाढवतो, त्याला वेगळा लाइट लावलाय, खत घालतो आणि दर आठवड्याला कापून किचनच्या काट्यावर वजन करून वहीत लिहितो असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग हळूच विचारतो, "पण का?"

तर का याचं उत्तर आधी. मासे खातात, मासे घाण करतात, त्या घाणीचं बॅक्टेरिया अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेटपाशी गाडी थांबते. ते टाकीतून बाहेर काढायचे मार्ग मोजकेच, पाणी बदला किंवा कुणाला तरी ते खायला घाला. हिरवं मोठं शेवाळ, ज्याला हॉबीतले लोक नुसतं मॅक्रो म्हणतात, ते नायट्रेट-फॉस्फेट खाऊन वाढतं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढची अर्धी गोष्ट लोक विसरतात, की वाढलेलं शेवाळ जोवर टाकीतच आहे तोवर ते नायट्रेटही टाकीतच आहे, फक्त आकार बदलून. शेवाळ सडलं की सगळं परत पाण्यात. म्हणजे हे फिल्टर वगैरे नाही, ही शेती आहे, आणि पीक कापून बाहेर काढलं तरच हिशोब जमतो. खालचं सगळं याच डोक्याने वाचा.

आधी ओहोटीला खडकावर जा

दुकानात जायच्या आधी एकदा समुद्रावर जा असं मी प्रत्येक नवीन माणसाला सांगतो. आणायला नाही, बघायला. कोकणात पाऊस ओसरला की नोव्हेंबरपासून साधारण मार्चपर्यंत खडकाळ किनाऱ्यावर शेवाळाचा बहर असतो, रत्नागिरी, मालवण, गोव्यात हणजुणे (अंजुना), कुठेही कातळ समुद्रात घुसलेला असला की झालं. दिवस निवडायचा तो अमावस्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा, कारण उधाणाला भरती जशी मोठी तशी ओहोटीही खोल जाते, अष्टमीच्या भांगाला गेलात तर अर्धा खडक पाण्याखालीच असेल. वेळेसाठी आपला जुना हिशोब आहेच, तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या आसपास पूर्ण भरतीची वेळ येते, चतुर्थीला ३, अष्टमीला ६, आणि त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला भरती १२च्या सुमारास म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळी ६च्या मागेपुढे. दक्षिणेला गेलं की वेळ थोडी बदलते, गावात कोणालाही विचारा, अॅपपेक्षा बरं सांगतात. पाणी उतरत असताना जायचं आणि ते फिरायच्या आत परत यायचं, चप्पल घालून अजिबात जाऊ नका, ते हिरवं साबणासारखं असतं.

आता बघायचं काय. खडकाच्या अगदी वरच्या भागात, जिथे डोंगरावरून गोडं पाणी झिरपत येतं तिथे, केसांसारखं किंवा बारीक नळीसारखं चकचकीत पोपटी शेवाळ दिसेल. याला आधी एन्टेरोमॉर्फा म्हणायचे, २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी डीएनए बघून ते उल्वामध्येच टाकलं. ऊन, पाऊस, कमी-जास्त खारेपणा, सगळं झेलतं. त्याच्या खाली पानासारखा उल्वा, कोथिंबिरीच्या पानाला पारदर्शक जिलेटिन लावलंय असा. जिथे लाटा थेट आपटतात त्या तोंडावर ताठ, ब्रशच्या केसांसारखे हिरवे झुपके असतात, ते कीटोमॉर्फा, टाकीत जो वापरतात त्याचाच सख्खा भाऊ. आणि सगळ्यात खाली, ओहोटीतही पाणी न सुटणाऱ्या डबक्यांत, वाळू अडकलेल्या कपारीत, जमिनीलगत धावणारी वेल दिसेल जिच्यावर पिसासारखी किंवा छोट्या छत्र्यांसारखी पानं उभी असतात. ती कॉलर्पा.

हे बघून आलात की अर्धी टाकी डोक्यात तयार झाली. लाटांच्या तोंडावर उगवणाऱ्याला टाकीत जोरदार पाणी लागणार, वाळूतल्या वेलीला वाळू आणि शांतपणा लागणार, उथळ पाण्यातल्याला भरपूर उजेड लागणार. कुठल्याही चार्टपेक्षा हे लक्षात राहतं.

आणायचं का तिथून? मी नाही आणत. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून काहीही उचलायचं नाही. बाकी ठिकाणीही शेवाळाला चिकटून काय काय घरी येईल सांगता येत नाही, आणि आणखी एक, प्रवाळ म्हणजे कोरल हे वन्यजीव कायद्यात शेड्यूल एकमध्ये आहे, वाघाच्या रांगेत, मेलेला तुकडासुद्धा "छान दिसतोय" म्हणून खिशात घालू नका. शेवाळ दुसऱ्या हॉबीवाल्याकडून मूठभर मागून घ्या, ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जास्तच असतं, आनंदाने देतो.

एक पेशी की अनेक, हे माहीत असू दे

जरा शाळेतल्यासारखं वाटेल पण पुढे कामाला येणार आहे. शेवाळाला मूळ नसतं. खाली जे दिसतं ते फक्त पकडून ठेवण्यासाठी, अन्न सगळ्या अंगाने शोषलं जातं. त्यामुळे "मुळाशी खत" हा प्रकार नाही, पाण्यात आहे तेच आणि अंगाला घासून जाईल तेवढंच.

दुसरं, हिरव्यांमध्ये दोन घराणी आहेत असं समजा. उल्वा आणि कीटोमॉर्फा साधी, अनेक पेशींची: उल्वाचं पान दोन पेशी जाड, कीटोमॉर्फाचा धागा म्हणजे एकापुढे एक पेशींची माळ. कात्रीने कुठेही कापा, एक पेशी मेली, बाकी मजेत. दुसरं घराणं अजब आहे: कॉलर्पा, हॅलिमेडा, कोडियम, ब्रायोप्सिस. यांचं आख्खं शरीर म्हणजे मध्ये भिंतीच नसलेली एकच पेशी, आत हजारो केंद्रकं फिरतायत. कॉलर्पाची वेल काही फूट लांब गेली तरी ती एकच पेशी. कापल्यावर आतला रस बाहेर येतो, जखम लगेच बुजते खरी, पण दर वेळी थोडा रस पाण्यात जातोच. म्हणून यांना तुकडे तुकडे करत बसायचं नाही, लांब अख्खा फाटा उपटायचा.

कुठलं घ्यायचं

पहिल्यांदा करत असाल तर डोळे झाकून कीटोमॉर्फा, दुकानात "चेटो" म्हणतात. गुंतलेल्या नायलॉनच्या दोऱ्यासारखा गोळा असतो, कशालाही चिकटत नाही, कुठेही पसरत नाही, हाताने अर्धा उचलला की कापणी झाली. त्याच्या गुंत्यात कोपेपॉड, अॅम्फिपॉड असे कोळंबीच्या जातीतले बारीक जीव राहतात, ते माशांना फुकटचं खाणं.

उल्वा त्याच्याहून वेगाने वाढतो पण मनमौजी आहे, एक दिवस पानाच्या कडा पांढऱ्या पडतात, बीजाणू सोडतो आणि विरघळतो. टँग, रॅबिटफिश असे शाकाहारी मासे असतील तर उल्वा ठेवाच, पाकिटातल्या वाळक्या शीटपेक्षा ते यावर तुटून पडतात.

हॅलिमेडा दिसायला सगळ्यात देखणं, नाण्यांची माळ केल्यासारखं. प्रत्येक चकतीत चुना भरलेला असतो, लक्षद्वीपसारख्या बेटांवर पांढऱ्या वाळूत याच्याही चकत्या असतात. नवी चकती रात्री पांढरी फुटते आणि पहाटेपर्यंत हिरवी होते, कारण हरितलवकं जुन्या चकतीतून सरकून नवीत येतात, एक दिवस पहाटे उठून नक्की बघा. पण नायट्रेट ओढण्यात हळू आहे, आणि कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) ८ ते १० डीकेएच (हे तिचं माप), मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास सांभाळावं लागतं. शोभेसाठी घ्या, कामासाठी नको.

कॉलर्पाबद्दल माझं मत पुढे वेगळं लिहिलंय, कारण तिने मला रडवलंय.

नको असलेले पाहुणे दोन ओळखून ठेवा. ब्रायोप्सिस, गडद हिरवं, बारीक पिसासारखं, नीट बघितलं तर मधल्या काडीला दोन्ही बाजूंनी केस. आणि व्हॅलोनिया, हिरव्या काचेच्या गोट्यांसारखे बुडबुडे. दगडावर एखादं जरी दिसलं तरी दगड बाहेर काढून, बादलीत धरून खरवडायचं, टाकीत नाही. व्हॅलोनियाची गोटी न फोडता बुडाशी नखाने वळवून काढायची.

मांडणी

दोन मार्ग आहेत. टाकीखाली सम्प, म्हणजे फिल्टरची दुसरी टाकी, असेल तर त्यातला एक कप्पा शेवाळाला द्या, त्यालाच रिफ्युजियम म्हणतात. सम्प नसेल तर सरळ दोन फूट बाय एक बाय एकची काचेची पेटी घ्या, साधारण ५६ लिटर, आणि त्यात फक्त शेवाळ, चार गोगलगायी, एखादा छोटा मासा अशी शेवाळाचीच टाकी करा. मला हा दुसरा प्रकार मनापासून आवडतो, कोरलवाल्या टाकीच्या एक दशांश खर्चात समुद्राचा तुकडा घरात येतो, पण लोकांना उगाच कमीपणा वाटतो.

पाणी: आरओचं घ्या, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्याच्या जवळ. इथे एक गंमत होते, घरातल्या प्यायच्या आरओला टीडीएस कंट्रोलर असतो तो थोडं नळाचं पाणी परत मिसळतो, म्हणजे तुम्हाला वाटतंय शून्य आणि येतंय ८०. एक टीडीएस पेन घ्या आणि स्वतः मोजा. बोअर-टँकरचं पाणी असेल तर विचारूच नका. मरीन सॉल्ट लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम, म्हणजे ५० लिटरला अठराशे ते एकोणीसशे ग्रॅम, वेगळ्या बादलीत पंप लावून एक दिवस फिरू द्या आणि मग रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजायचं यंत्र) ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग मीठ), म्हणजे सापेक्ष घनता १.०२६ च्या आसपास आहे का बघा. खाण्याचं मीठ चालत नाही, हा प्रश्न दर महिन्याला कोणीतरी विचारतंच. शहराजवळच्या चौपाटीवरून कॅन भरून आणायची आयडियाही सोडून द्या.

दगड आणि वाळू टाकून नेहमीसारखं सायकल होऊ द्या, म्हणजे वर सांगितलेले बॅक्टेरिया बसू द्या, चार ते सहा आठवडे. शेवाळ अमोनिया थेट खातं, नायट्रेटपेक्षा आवडीने, त्यामुळे ते सायकलच्या शेवटी शेवटी टाकलं तरी चालतं, मासे मात्र अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसल्यावरच.

आणलेला गोळा थेट टाकीत नाही. खारं पाणी भरलेल्या पांढऱ्या बादलीत, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) आणि वर एक बल्ब लावून तीन आठवडे. पांढरी बादली अशासाठी की काय चालतंय ते दिसतं. माझ्या एका गोळ्यातून एक खेकडा आणि तीन एप्टेजिया निघाले. एप्टेजिया म्हणजे तो तपकिरी छोटा अॅनिमोनी (समुद्रफूल), एकदा टाकीत शिरला की भाडेकरूसारखा, निघत नाही.

उजेड

इथे दुकानदार तुम्हाला महागडा लाइट विकायला बघेल. गरज नाही. हिरव्या शेवाळात क्लोरोफिल ए आणि बी असतं, जमिनीवरच्या झाडांसारखंच, त्यामुळे ज्या उजेडात मनीप्लांट खूश त्यातच हेही खूश, फक्त प्रमाण जास्त पाहिजे. ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी फ्लड, जो इलेक्ट्रिशियन गेटवर लावतो तोच, ३० वॉटचा, दोन फुटी पेटीला पुरतो. लाल-निळा ग्रो लाइट असेल तर आणखी वेगाने वाढेल पण हॉलमध्ये डिस्को वाटतो, सम्पमध्ये ठीक आहे. कोरलसाठीचा नुसता निळा लाइट मात्र यांना पुरत नाही.

किती तास? १० ते १४. सम्पमध्ये असेल तर उलटी पाळी लावा: वर टाकीचा लाइट दिवसा, खाली शेवाळाचा रात्री ९ ते सकाळी ९. रात्री सगळे श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो, पीएच पडतो, त्याच वेळी शेवाळ तो ओढून घेतं आणि पीएच तेवढा पडत नाही. एसी लावून खिडक्या बंद ठेवणाऱ्या फ्लॅटमध्ये हा फरक पीएच मोजायच्या किटवर चक्क दिसतो.

विजेचं एकच सांगतो: खारं पाणी आणि एक्स्टेन्शन बोर्ड यांची दोस्ती वाईट. बोर्ड टाकीपेक्षा उंच, वायरला खाली झोका देऊन मग वर प्लगला, म्हणजे थेंब झोक्यावरून गळतो, सॉकेटमध्ये जात नाही. घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवून घ्या, मग शेवाळ.

पाण्याचा जोर

चेटोचा गोळा नुसता तरंगत ठेवला तर वरचा भाग हिरवा आणि खालचा अंधारात सडून पांढरा. त्याला हळूहळू लोळवलं पाहिजे, धोब्याच्या कपड्यांसारखं. पंपाचं तोंड खालून तिरकं असं द्या की मिनिटाभरात गोळा एकदा तरी उलटेल. नाही जमत तर रोज हाताने उलटा, चालतंय. पंपाच्या जाळीत धागे अडकतात म्हणून पुढे प्लास्टिकची जाळी लावा.

खत, हो खरंच खत

इथे बहुतेक लोक अडकतात. पहिले दोन महिने शेवाळ दणकून वाढतं, नायट्रेट ४० वरून शून्यावर येतं, मालक खूश, आणि मग अचानक शेवाळ पिवळट पडून तुटायला लागतं. उपाशी राहिलं, दुसरं काय. लोक एकोणीस दुखणी शोधत बसतात, पण आपल्या शेतकऱ्याला विचारलं असतं तर पान बघून सांगितलं असतं, नत्र (नायट्रोजन) कमी पडलं.

समुद्रातल्या मोठ्या शेवाळांमध्ये आणि समुद्रगवतात नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) यांचं प्रमाण अणूंच्या हिशोबाने साधारण ३० ला १ निघालं, ॲटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ मध्ये मांडलेले आकडे आहेत. म्हणजे शेवाळ नत्र खूप जास्त खातं, आणि आपल्या टाकीत माशाच्या खाण्यातून फॉस्फेट त्यामानाने जास्त येतं. मग होतं काय, नायट्रेट संपतं, फॉस्फेट तसंच, वाढ थांबते, आणि काचेवर नको ते उगवतं. "फॉस्फेट उतरत नाहीये" म्हणून रडणाऱ्या बऱ्याच जणांना खरं तर नायट्रेट घालायची गरज असते. ऐकायला उलटं वाटतं, मलाही वाटलं होतं.

नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असं ठेवा. नायट्रेट शून्य असेल तर द्राक्षवाले वापरतात ते तेरा-शून्य-पंचेचाळीस, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, कृषी सेवा केंद्रात मिळतं, जमलं तर लॅब ग्रेड घ्या. ५० ग्रॅम एक लिटर आरओ पाण्यात विरघळवा. या पाण्याच्या १ मिलीत साधारण ३० मिलिग्रॅम नायट्रेट आहे, म्हणजे १०० लिटरच्या टाकीत ३.३ मिली टाकलं की १ पीपीएम वाढतं. दिवसाला १ पीपीएमच्या वर जाऊ नका, आणि दोन दिवसांनी मोजा. पोटॅशियमची चिंता नको, समुद्राच्या पाण्यात ते आधीच ४०० पीपीएमच्या जवळ असतं. फॉस्फेट शून्य असेल, हे क्वचित होतं, तर शून्य-बावन्न-चौतीस, म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट, १ ग्रॅम एका लिटरमध्ये, आणि १०० लिटरला ७ मिली म्हणजे ०.०५ वाढतं. बाटल्यांवर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि घरातल्यांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.

लोह, मँगनीज वगैरे सूक्ष्म गोष्टी दर दोन आठवड्यांनी १० ते १५ टक्के पाणी बदललं तर नव्या सॉल्टमधून येतात. तरी नवीन वाढ फिकी असेल आणि नायट्रेट ठीक असेल तरच शेवाळासाठीचं ट्रेस लिक्विड, बाटलीवरच्या डोसच्या निम्म्याने.

कापणी आणि वही

दर आठवड्याला एक दिवस ठरवा. माझा शनिवार. गोळा बाहेर काढायचा, बादलीत टाकीच्याच पाण्यात हलवायचा म्हणजे बिचारे पॉड खाली पडतात, ते परत टाकीत. मग मुठीत हलकं पिळायचं, काट्यावर ठेवायचं, एक तृतीयांश ते निम्मा काढून टाकायचा, आणि आकडा वहीत. खालचा पांढरट भाग आधी जातो, ताजा हिरवा राहतो.

वही कशाला? हिशोब बघा. पिळलेल्या १०० ग्रॅम शेवाळात वाळल्यावर अंदाजे १० ग्रॅम उरतं. त्यात नत्र ३ टक्के धरा, म्हणजे ०.३ ग्रॅम, नायट्रेटच्या भाषेत १.३ ग्रॅम. १५० लिटरच्या टाकीत हे जवळजवळ ९ पीपीएम झालं! आठवड्याला १०० ग्रॅम निघत असेल तर तुम्ही दर आठवड्याला ९ पीपीएम बाहेर फेकताय. टक्केवारी शेवाळाच्या तब्येतीप्रमाणे बदलते, हा ढोबळ अंदाज आहे, पण यावरून कळतं की महिनाभर न कापलेला गोळा दिसायला कितीही मोठा असला तरी तो काम करत नाहीये, नुसता बसलाय. आणि गोळा जेवढा दाट तेवढा आत अंधार, आत सड, म्हणजे उलटा परतावा.

सड काय करते हे मोठ्या प्रमाणावर बघायचं असेल तर २००८ मध्ये चीनमध्ये चिंगदाओला ऑलिम्पिकच्या नौकाशर्यतींच्या तोंडावर उल्वाचा एवढा लोंढा आला की दहा लाख टनांच्या वर उपसावा लागला. आणि २००९ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर सडत पडलेल्या उल्वाच्या थरातून निघालेल्या हायड्रोजन सल्फाइडने एक घोडा जागच्या जागी मेला. तुमच्या सम्पच्या कोपऱ्यातून कधी सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो हाच वायू, तिथे शेवाळ दाबलं गेलंय, खिडकी उघडा आणि ते काढा.

कॉलर्पाचं प्रकरण

सुरुवातीला मला कोणीतरी पिसाच्या पानाची कॉलर्पा दिली, इतकी सुंदर की मी चेटो काढून तीच ठेवली. चार महिने झकास. घरी लग्न होतं म्हणून तीन आठवडे कापणी राहिली. एका सकाळी बघतो तर टाकीचं पाणी ताकात पुदिना वाटून घातल्यासारखं, वेली काचेसारख्या पारदर्शक आणि मासे वर येऊन तोंड उघडतायत. दोन क्लाउनफिश वाचले, बाकी गेले.

झालं होतं ते असं. कॉलर्पा एकच पेशी, आठवतंय ना? तिला पुनरुत्पादन करायचं ठरलं की शरीराचा एखादा भाग नाही, आतलं सगळंच्या सगळं द्रव्य एका रात्रीत बीजपेशी होऊन बाहेर पडतं आणि मागे रिकामी कातडी उरते. समुद्रात हे रोजचं आहे, केनेथ क्लिफ्टन यांनी १९९७ मध्ये पनामाच्या प्रवाळखडकांवर पहाटे ठराविक वेळी अशी कितीतरी हिरवी शेवाळं एकदम सुटताना नोंदवलीत, पण तिथे अख्खा समुद्र आहे, इथे १५० लिटर. एवढं सेंद्रिय द्रव्य एकदम पाण्यात आलं की ऑक्सिजन बुडतो.

ठेवायचीच असेल तर दर आठवड्याला न चुकता विरळ करा, लाइटच्या वेळा अचानक बदलू नका, काही जण चोवीस तास लाइट ठेवतात त्यानेही हे टळतं असा अनुभव आहे. पानांवर जाळीसारखे फिके ठिपके, टोकं पांढरी, ही आदल्या दिवसाची खूण, दिसली की त्याच रात्री सगळी काढा, सकाळची वाट बघू नका. आणि झालंच तर जोरात हवा, स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) पूर्ण जोरात, फिल्टरमध्ये अॅक्टिव्हेटेड कार्बन, आणि निम्मं पाणी बदला. तयार खारं पाणी नेहमी भरून ठेवायचं ते याचसाठी.

काढलेलं कुठे टाकायचं

समुद्रात नाही. खाडीत नाही. गटारात नाही, कारण गटार शेवटी खाडीतच जातं. हे मी तीनदा मुद्दाम लिहिलं. १९८४ मध्ये मोनॅकोच्या ओशनोग्राफिक म्युझियमसमोर समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा जेमतेम एक चौरस मीटरचा पट्टा सापडला. हा शोभेच्या टाक्यांमध्ये फिरणारा, थंडी सोसणारा वाण होता. काही वर्षांत भूमध्य समुद्राच्या तळाचे हजारो हेक्टर त्याने झाकले. २०००च्या जूनमध्ये तोच वाण कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळच्या एका खाजणात निघाला, तिथे त्यांनी तो ताडपत्रीने झाकून आत क्लोरीन सोडला, सहा वर्षं आणि सत्तर लाख डॉलरच्या आसपास घालवल्यावर २००६ मध्ये संपल्याचं जाहीर केलं. बोटभर तुकड्यातून नवी वेल होते, त्यामुळे टाकीचं पाणी बदलताना सुद्धा ते गाळून मग ओता.

मी कापलेलं आधी माशांना, उरलेलं गच्चीवर पेपरवर दोन दिवस कडक उन्हात वाळवतो, पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत, मग गोड्या पाण्याने दोनदा धुऊन कंपोस्टमध्ये. न धुता टाकू नका, मिठाने कुंडीतली मिरची मरते, अनुभवाने सांगतोय.

उन्हाळा

२४ ते २८ डिग्रीला चेटो मजेत, ३० च्या वर गेलं की कुरकुर सुरू. पाण्यावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन डिग्री उतरतात, पुण्यात मे महिन्यात हवा कोरडी म्हणून हे छान चालतं, मुंबई-ठाण्यात दमट हवेत तितकं नाही, तिथे लाइटची पाळी रात्री घ्या, टाकीचं झाकण काढा आणि तरी भागत नसेल तर चिलर. पंख्याने पाणी रोज एखाद-दुसरा लिटर उडतं, फक्त पाणी उडतं, मीठ नाही, म्हणून भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची. खारं घालत राहिलात तर महिन्यात ३५ चं ४० होईल. लाइट गेले तर बॅटरीवरचा एअरपंप, कारण अंधारात शेवाळही माशांसारखंच ऑक्सिजन खातं.

कुणाला गोळा द्यायचा असेल तर पाण्यात भरून देऊ नका. टाकीच्या पाण्यात भिजवलेल्या पेपरात गुंडाळा, झिपच्या पिशवीत थोडी हवा ठेवून बंद करा, थर्माकोलच्या डब्यात. असा मी ठाण्याहून कोल्हापूरला रात्रीच्या एसटीने पाठवलाय, सकाळी हिरवागार उतरला. डब्यावर "नाशवंत" लिहा आणि कंडक्टरने आत काय आहे ते विचारल्यावर सरळ शेवाळ सांगा, समुद्री वनस्पती वगैरे म्हटलं की तो डबा उघडायला लावतो.